श्रद्धावंताचा परिप्रश्न

एका दाढेच्या ठणक्यासाठी दंतवैद्याकडे गेलेला मनुष्य जेव्हा त्या दाढेबरोबरच आणखी नऊ-दहा दातांच्या दुरुस्तीची लेखी तजवीज हातात घेऊन बाहेर पडतो, आणि इतक्या रूट कॅनाल, इतक्या कॅप, खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट अशा त्या तपशिलाखाली मांडलेली, कित्येक महिन्यांचे निवृत्तिवेतन एका घासात संपविणारी रक्कम वाचतो, तेव्हा त्याच्या मनात उठलेली खळबळ केवळ पैशाची आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. पैशाचा प्रश्न त्यात असतोच. परंतु त्याच्याखाली दुसरा एक प्रश्न असतो, आणि तो अधिक अवघड असतो. ‘आणखी कोणाला तरी दाखवून पाहावे काय?’ असा विचार मनात येतो न येतो तोच, ‘म्हणजे मी या डॉक्टरांवर अविश्वास दाखविला असे होणार नाही काय?’ असा संकोच त्याचा हात धरतो; आणि हा संकोच दुबळेपणाचा नसून एका जुन्या, आदरणीय संस्काराचा असल्यामुळे त्याला सहजासहजी झिडकारताही येत नाही.

नाशिकरोडसारख्या वसाहतीत तर हा संस्कार विशेष बळकट असतो. रेल्वे, सरकारी छापखाने आणि तोफखान्याचे शेजारचे देवळाली यांच्या आधाराने वाढलेल्या या गावात डॉक्टर हा कोणी अनोळखी सेवाविक्रेता नसतो. तो जेल रोडवरचा किंवा देवळालीगावातला असतो. त्याच्या वडिलांनी आपल्या वडिलांची नाडी पाहिलेली असते. आपल्या मुलीच्या लग्नात तो अक्षता टाकून गेलेला असतो. अशा माणसाचा कागद घेऊन दुसऱ्याच्या दारी जाणे म्हणजे घरच्या माणसाविरुद्ध परक्याकडे फिर्याद नेणे, असे येथील सत्प्रवृत्त मनुष्याला वाटले तर त्यात नवल नाही. म्हणून हा विषय केवळ व्यवहारचातुर्याचा म्हणून सोडून देता येत नाही. श्रद्धेला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे की नाही, आणि असल्यास त्याची मर्यादा कोणती, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा आहे, आणि त्याच पातळीवर त्याचे उत्तर शोधले पाहिजे.

ते उत्तर शोधण्यासाठी नाशिकरोडच्या रहिवाशाला फार दूर जावे लागत नाही. गावाचा मुख्य चौक, महाविद्यालय आणि महानगरपालिकेचे रुग्णालय ज्या बिटको या नावाने ओळखली जातात, ते नाव जुन्या पिढीच्या स्मरणात काळ्या दंतमंजनाच्या डबीशी जोडलेले आहे; आणि त्याच बिटको घराण्यातील उद्योजक जयरामभाई यांच्या दातृत्वातून मकराण्याच्या शुभ्र संगमरवराचे मुक्तिधाम मंदिर उभे राहिले. त्या मंदिराच्या भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय कोरलेले आहेत. दर्शनाला येणारा भाविक त्या भिंतींवरून दृष्टी फिरवीत पुढे जातो. पण जो चौथ्या अध्यायापाशी थांबेल त्याला अगदी थोड्या अंतराने लिहिलेल्या दोन गोष्टी दिसतील, आणि प्रथमदर्शनी त्या परस्परविरुद्ध वाटतील. ज्ञानी पुरुषांकडून ज्ञान मिळविण्याचा मार्ग सांगताना भगवंत नम्रपणा आणि सेवा यांच्या बरोबरीने परिप्रश्नाला, म्हणजे सर्व बाजूंनी केलेल्या विचारणेला, स्थान देतात. आणि पुढे सहाच श्लोकांनी, अज्ञ, अश्रद्ध आणि संशयात्मा यांचा विनाश होतो असे बजावतात. प्रश्न विचारावा, पण संशय धरू नये, हे दोन्ही एकाच मुखातून कसे आले? या विसंगतीचा उलगडा अध्यायाच्या शेवटच्या श्लोकात होतो. अज्ञानातून जन्मलेला, हृदयात ठाण मांडून बसलेला संशय छाटून टाक, असा आदेश तेथे आहे, आणि त्यासाठी हाती दिलेले शस्त्र ज्ञानाचे आहे. निमूट आज्ञापालनाने संशय छाटला जाईल असे भगवंत म्हणत नाहीत. तो जाणून घेतल्याने छाटला जाईल असे म्हणतात. तेव्हा निंद्य ठरतो तो विचारण्यास न धजता मनात कुजत राहिलेला संशय. नम्रपणे उघड विचारलेला प्रश्न हा त्याच्यावरचा उपाय आहे. ज्या रुग्णाने संकोचापोटी दुसरे मत घेतले नाही, पण खुर्चीवर बसल्यावर यंत्राच्या प्रत्येक आवाजाबरोबर ‘हे खरेच आवश्यक होते का?’ असे स्वतःला विचारीत राहिला, तो श्रद्धावान ठरत नाही, संशयात्मा तोच.

परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही, कारण वैद्याचे ज्ञान आणि अध्यात्माचे ज्ञान यांत एक महत्त्वाचा भेद आहे. अध्यात्मात शिष्याला शेवटी स्वतःच्या अनुभवाची साक्ष मिळते. स्वतःच्या मागच्या दाढेच्या तळाशी काय चालले आहे हे मात्र कोणालाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येत नाही. आणि एक्स-रेवरील करडी छाया पाहिली तरी तिचा अर्थ लावण्याचे शिक्षण आपल्यापाशी नसते. येथे आपल्याला शब्दप्रमाणावर, दुसऱ्याच्या सांगण्यावर, विसंबावेच लागते. भारतीय दर्शनांनी, विशेषतः न्यायदर्शनाने, या परावलंबनात कमीपणा मानला नाही. विश्वासार्ह पुरुषाचा उपदेश हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन म्हणून न्यायसूत्रकार गौतमाने मान्य केले. पण त्याच वेळी हा विश्वासार्ह पुरुष, हा आप्त, कोणास म्हणावे याचे लक्षण भाष्यकार वात्स्यायनाने काटेकोरपणे बांधून दिले. ज्याने वस्तूचे स्वरूप प्रत्यक्ष जाणले आहे आणि जे जसे जाणले तसेच दुसऱ्यास सांगावे या एकाच इच्छेने जो बोलतो तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे, असे सांगून त्याने पदवी, कुल व प्रतिष्ठा यांचा आधार एका फटक्यात काढून घेतला. भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र लक्षणाच्या पहिल्या भागाबद्दल, म्हणजे जाणण्याबद्दल, साक्ष देऊ शकते. दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे जसे आहे तसेच सांगण्याच्या इच्छेबद्दल, कोणतेही विद्यापीठ दाखला देऊ शकत नाही.

आधुनिक दंतवैद्यकाची नैतिक अडचण नेमकी या दुसऱ्या भागात आहे. जो मनुष्य दात पाहून काम किती आहे ते सांगतो, तेच काम तोच करतो आणि त्याचा मोबदलाही त्यालाच मिळतो. निदान, अंमलबजावणी आणि वसुली ही तीन खाती एकाच हातात असतात. खुर्ची, एक्स-रेचे यंत्र, जागेचे भाडे आणि शिक्षणासाठी काढलेले कर्ज यांचे हप्ते त्याच हाताला भरावयाचे असतात. यात डॉक्टर दुष्ट असण्याची काहीच आवश्यकता नाही. चांगल्या माणसाची दृष्टीसुद्धा गरजेच्या दिशेने किंचित कलते, आणि आपली दृष्टी कलली आहे हे त्या माणसाला कळत नाही. लासलगावला दीर्घकाळ स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. अरुण गद्रे यांनी ‘कैफियत : प्रामाणिक डॉक्टरांची’ या पुस्तकात स्वतः डॉक्टरांच्याच साक्षी नोंदवून वैद्यकव्यवसायावरील या दडपणाचे जे चित्र उभे केले आहे, ते वाचणाऱ्याच्या मनात डॉक्टरांविषयी द्वेष उत्पन्न होत नाही; त्या दडपणाशी रोज झगडणाऱ्यांविषयी आदर आणि करुणाच उत्पन्न होते.

शिवाय, हितसंबंध पूर्णपणे बाजूला ठेवला तरी प्रामाणिक चुकीची शक्यता उरतेच, आणि दातांच्या इतिहासात तिचे एक भयंकर उदाहरण आहे. 1910 साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रियल येथील व्याख्यानात दातांच्या मुळाशी दडलेल्या जंतुदोषाला शरीरातील अनेक व्याधींचे मूळ ठरविले. आणि त्यानंतर दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांत संधिवातापासून उदासीनतेपर्यंतच्या नाना तक्रारींवर उपाय म्हणून असंख्य लोकांचे दात उपटले गेले. अमेरिकेतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर वेडावरचा उपाय म्हणून रुग्णांचे दात काढले. आणि त्यांचा स्वतःच्या मतावर इतका निःसंशय विश्वास होता की त्यांनी प्रतिबंधक उपाय म्हणून स्वतःच्या मुलांचेही दात काढविले. लोभी मनुष्य आपल्या मुलांच्या बाबतीत असे करणार नाही. म्हणजे येथे अप्रामाणिकपणा नव्हता, अज्ञानही सामान्य अर्थाने नव्हते. होती ती स्वतःच्या निश्चयाला कोणी विचारणारा उरलेला नाही अशी अवस्था. या उदाहरणावरून मला असे वाटते की दुसरे मत घेण्याची आवश्यकता पहिल्या वैद्याच्या चारित्र्यावर मुळीच अवलंबून नाही. तो सज्जन असला तरी ती असते. आणि हे एकदा ध्यानात आले म्हणजे विचारण्यातील अपमानाची भावना आपोआप गळून पडते.

याहून अगदी निराळ्या प्रकारचे एक उदाहरण 1997 सालचे आहे. विल्यम एकेनबार्गर या पत्रकाराने अमेरिकेतील 28 राज्यांत फिरून 50 दंतवैद्यांना आपले तेच ते दात दाखविले आणि त्यांनी सांगितलेले खर्चाचे अंदाज ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये प्रसिद्ध केले. ते पाचशे डॉलरांच्या आतपासून थेट तीस हजार डॉलरांच्या जवळपर्यंत पसरलेले होते. या अंतरातील काही भाग लोभाचा असेल. पण सगळेच अंतर लोभाचे म्हणणे अन्यायाचे होईल. दातावरील एखादा पांढुरका डाग हा कीड लागण्याचा आरंभ मानून लगेच कोरावा, की लाळेतील खनिजे आणि फ्लोराइड यांच्या साहाय्याने तो भरून येण्याची वाट पाहावी. जुने, पण न दुखणारे सिमेंट बदलावे की तसेच राहू द्यावे. चीर गेलेल्या दाढेला आजच कॅप बसवावी की सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे, अशा ठिकाणी शास्त्र एक उत्तर देत नाही. तेथे शास्त्राच्या आधारे माणूस निवड करतो. आणि जेथे निवड आहे, तेथे ती कोणाच्या देहावर होणार आहे त्याला तीत बोलण्याचा अधिकार आहे.

हा अधिकार दातांच्या बाबतीत इतका तीव्र का होतो, याचे कारण दातांच्या घडणीतच आहे. दाताचे वरचे कवच हा मानवी देहातील सर्वांत कठीण पदार्थ असून त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजाचा असतो. पण ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येताच नाहीशा होतात, आणि म्हणून कातडी भरून येते, हाड सांधते, तसे हे कवच एकदा कोरले गेले की पुन्हा कधीही येत नाही. कॅप बसविण्यासाठी दात चोहोबाजूंनी तासावा लागतो. भरलेले सिमेंट काही वर्षांनी बदलताना पोकळी थोडी मोठी होते, पुढच्या खेपेस आणखी मोठी होते, आणि अशा रीतीने एका अनावश्यक आरंभातून आवश्यक कामांची मालिका जन्माला येते. आपल्या न्यायव्यवस्थेने अपरिवर्तनीय कृतीबाबत जो विवेक दाखविला आहे तो येथे आठवतो. सत्र न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने मंजूर केल्याखेरीज अमलात येत नाही, ही तरतूद 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि आजतागायत कायम आहे. आरोपीने अपील केले नाही तरीही तो कागद वर जातोच. या तरतुदीने सत्र न्यायाधीशाचा अपमान होतो असे आजवर कोणी मानलेले नाही. जे केल्यावर उलटविता येत नाही ते करण्यापूर्वी दुसऱ्या विवेकी माणसाची दृष्टी त्यावरून फिरलीच पाहिजे, एवढेच तत्त्व तेथे आहे. दाढ आणि प्राण यांची तुलना होऊ शकत नाही. पण अपरिवर्तनीयतेचे तत्त्व लहानमोठे पाहत नाही.

विश्वास आणि पडताळा यांचे नाते कसे असते याचा एक धडा नाशिकरोडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. येथील सरकारी छापखान्यात 1925 पासून टपालाची तिकिटे आणि 1928 पासून चलनी नोटा छापल्या जाऊ लागल्या. नोट म्हणजे काय? ती धारकास दिलेल्या वचनाचा कागद आहे. साऱ्या देशाचा व्यवहार त्या वचनावरील विश्वासाने चालतो. पण त्याच कागदात उजेडासमोर धरल्यावर दिसणारे चिन्ह मुद्दाम घातलेले असते, म्हणजे घेणाऱ्याने ती तपासावी अशी तजवीज वचन देणाऱ्यानेच करून ठेवलेली असते. दुकानदाराने नोट उजेडाला धरली म्हणून देणारा रागावत नाही. जो कागद उजेडाला धरू दिला जाणार नाही त्याच्यावर मात्र कोणी विश्वास ठेवणार नाही. वैद्याचे वचनही याच जातीचे असले पाहिजे.

आपल्या वैद्यकपरंपरेला ही गोष्ट अपरिचित नव्हती. चरकसंहितेच्या विमानस्थानात त्याच विद्येच्या जाणकारांशी करावयाच्या संभाषेचे सविस्तर विवेचन आहे; सलोख्याने होणारी चर्चा आणि विरोधाने होणारी चर्चा असे तिचे दोन प्रकार सांगून, अशा संभाषेने ज्ञान उजळते आणि ऐकलेल्या गोष्टींविषयीचा संशय दूर होतो असे तेथे म्हटले आहे. वैद्याने वैद्याला विचारणे हा तेथे विद्येचाच एक भाग आहे. यावर कोणी असा आक्षेप घेईल की त्याच संहितेने चांगल्या रुग्णाची लक्षणे सांगताना वैद्याच्या सूचनेप्रमाणे वागणे हा गुण गणला आहे. मग रुग्णाने चौकशा का कराव्यात? आक्षेप खरा आहे, पण अर्धा आहे. चरकाने रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मरणशक्ती, सूचनेप्रमाणे वागणे, निर्भयता, आणि आपल्या व्याधीविषयी नीट सांगता येणे. आज्ञाधारकपणाच्या शेजारी निर्भयता ठेवण्यात ऋषींचा काही हेतू असला पाहिजे. उपचार ठरल्यावर तो मध्येच सोडू नये, पथ्य मोडू नये, हे पहिल्याचे क्षेत्र. उपचार ठरण्यापूर्वी जे कळले नाही ते न घाबरता विचारावे, हे दुसऱ्याचे. या दोहोंचा क्रम उलटला की रुग्ण आधी निमूट मान डोलावतो आणि मग अर्ध्या उपचारावर पळून जातो. आणि यात त्याचेही नुकसान होते, वैद्याचेही.

नाशिक आणि नाशिकरोड यांच्या मधोमध, गोदावरी व नंदिनी यांच्या संगमावरील टाकळी येथे ज्यांनी बारा वर्षे तपश्चर्या केली, त्या समर्थ रामदासांचीही साक्ष याच बाजूची आहे. दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूवाचून तरणोपाय नाही असे सांगून झाल्यावर समर्थ लगेच शिष्याकडे वळत नाहीत. आधी गुरूची लक्षणे सांगतात, कोणास गुरू मानू नये तेही सांगतात, आणि मगच शिष्याची लक्षणे मांडतात. ज्या परंपरेने गुरूला ईश्वराच्या जोडीला बसविले, तिनेच गुरूची परीक्षा करण्याचे काम शिष्यावर सोपविले, आणि ते शरणागतीच्या आधी सोपविले. मोक्षाच्या बाबतीत जी मोकळीक धर्माने दिली, ती दाढेच्या बाबतीत आपण स्वतःला नाकारावी, यात धर्मनिष्ठा नाही.

आजचा कायदाही या निष्कर्षाला येऊन पोहोचला आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या जानेवारीत स्पष्ट केले की उपचाराचे स्वरूप, त्यातील मोठे धोके, उपलब्ध पर्याय आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम समजावून सांगितल्याखेरीज घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. आणि तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तर दुसरे मत घेणे हा स्वतंत्र हक्क म्हणून नोंदविलेला असून, त्यासाठी लागणारी कागदपत्रे विलंब न लावता व जादा आकार न घेता द्यावीत असेही म्हटले आहे. रुग्ण डॉक्टरला आपल्या देहाचे कुलमुखत्यारपत्र लिहून देत नाही. विशिष्ट कामापुरता, विशिष्ट मुदतीचा अधिकार तो देतो, आणि त्या अधिकाराचा मूळ मालक तोच राहतो.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजू सांगणे हे कर्तव्यच ठरते, कारण हक्काचा विपर्यास सोपा असतो. संशयालाही मर्यादा आहे, आणि ती न ओळखणाऱ्याबद्दल गीतेचे वचन अक्षरशः खरे ठरते. एकाने सांगितले ते आवडले नाही म्हणून दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तेच सांगितले म्हणून तिसऱ्याकडे, असा जो दारोदार फिरतो त्याला मत हवेच नसते. हवी असते ती आपल्या इच्छेला दिलेली मंजुरी. दरम्यान दाढेची कीड कोणाच्या मतासाठी थांबत नाही. चेहऱ्यावर किंवा मानेकडे उतरणारी सूज, ताप, तोंड उघडण्यास किंवा गिळण्यास होणारा त्रास ही लक्षणे असतील तर तो दुसऱ्या मताचा काळ नव्हे. तेथे समोर असेल त्या जाणकाराच्या हाती स्वतःला तत्काळ सोपविले पाहिजे. खरी जिज्ञासा आणि हा दिशाहीन संशय यांतील भेद ओळखण्याची एक खूण आहे : जिज्ञासूला कोणत्या उत्तराने आपले समाधान होईल हे आधी सांगता येते, दिशाहीन संशयी माणसाला ते कधीच सांगता येत नाही.

म्हणून दुसरे मत घेण्याला एक आचारधर्म असला पाहिजे. पहिल्या वैद्याकडून एक्स-रे व तपशील उघडपणे मागून घ्यावेत. चोरून जाण्याने आपण आपल्याच कृतीला अपराधाचे रूप देतो. दुसऱ्या वैद्याला आधीचा निष्कर्ष प्रथमच सांगू नये, म्हणजे त्याची दृष्टी स्वतंत्र राहील. आणि शक्यतो हे काम आपण त्याच्याकडून करून घेणार नाही हे त्याला स्पष्ट सांगावे, म्हणजे वात्स्यायनाच्या लक्षणाचा दुसरा भाग त्याच्या ठिकाणी अधिक निर्मळपणे नांदेल. पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकविणाऱ्या माणसाला प्रत्येक निदानाची कारणे विद्यार्थ्यांसमोर मांडण्याची सवय असते, तिचा लाभ घ्यावा. प्रश्न थोडे पण नेमके असावेत : यांतील कोणते काम दुखणे किंवा जंतुदोष यांसाठी आहे, कोणते संभाव्य धोका टाळण्यासाठी, आणि कोणते केवळ शोभेसाठी? कोणत्या पुराव्यावरून हे ठरविले? आणि सहा महिने काहीच केले नाही तर काय होईल? या दुसऱ्या वैद्याला त्याच्या वेळेचा पूर्ण मोबदला द्यावा, आणि त्याने वेगळे सांगितले तर पहिल्याची गावात नालस्ती करू नये. कारण मतभेद म्हणजे अपराधाचा पुरावा नव्हे.

आणि दोन मते खरोखरच परस्परविरुद्ध निघाली तर? येथे आपण या प्रश्नाच्या सर्वांत अवघड वळणावर येतो. परस्परविरोधी वचने हे न्यायशास्त्राने संशयाच्या उत्पत्तीचे एक कारण म्हणून नोंदविलेलेच आहे. म्हणजे निश्चय मिळविण्यासाठी गेलेला मनुष्य अधिक अनिश्चय घेऊन परत येतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण नीट पाहिले तर त्याच्या हाती आता काही नवे आलेले असते. ज्या दोन-तीन दातांविषयी दोघांचेही एकमत आहे ते काम निःशंक मनाने हाती घेता येते. ज्यांविषयी मतभेद आहे त्यांची कारणे दोघांनाही विचारता येतात. आणि जेथे कारणांचे पारडे समान राहते तेथे जो उपाय लहान आहे, ज्याने पुढचे मार्ग बंद होत नाहीत, तो आधी करून काळाला तिसरा साक्षीदार म्हणून बोलावता येते. तरीही शेवटचा निर्णय उरतो, आणि तो कोणीही आपल्यासाठी करू शकत नाही. कुरुक्षेत्रावर सर्व उपदेश संपवून भगवंतांनी अर्जुनाला, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसे कर, असे सांगितले. प्रत्यक्ष ईश्वर वक्ता असताना जी जबाबदारी श्रोत्याकडून काढून घेतली गेली नाही, ती कोणता वैद्य आपल्याकडून काढून घेऊ शकेल? दुसरे मत आपल्याला निश्चिततेचे दान देत नाही. ते निर्णय आपल्या स्वाधीन करते, आणि हीच त्याची खरी किंमत आहे.

राहता राहिला तो संकोच, ‘डॉक्टरांना काय वाटेल?’ हा. त्याचे उत्तर मी प्रामाणिक डॉक्टरच्या बाजूने देऊ इच्छितो. ज्या दंतवैद्याने सहा दात कोरण्याची संधी असताना ‘एवढी एकच दाढ भरू, बाकीचे पुढच्या वर्षी पाहू’ असे सांगितले, त्याचा तो संयम कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, कारण न केलेल्या कामाची पावती नसते. ज्याने सहाही दातांचे काम खरोखर आवश्यक म्हणून सांगितले, त्याच्या सत्यालाही दुसरा साक्षीदार नसतो. लोक त्याला लोभी म्हणून मोकळे होतात. जेथे कोणी कोणास विचारीत नाही अशा गावात प्रामाणिक आणि अप्रामाणिक वैद्य एकसारखेच दिसतात, आणि मग गोड बोलणारा तेवढा पुढे जातो. विचारण्याची रीत रूढ झाली तर मात्र संयमी माणसाचा संयम प्रकाशात येतो आणि कठोर सत्य सांगणाऱ्याची बाजू सिद्ध होते. आपल्या विश्वासू डॉक्टरच्या सचोटीला जर आपण खरोखर मान देत असू, तर तिला साक्षीदार मिळवून देणे हेही आपल्या श्रद्धेचेच काम आहे.